दोन बोटांचं देणं

१

सन दोन हजार नऊ. हिवाळा सरत आला होता, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. सोमवारी सकाळी लांब्या माझ्या खोलीत आला आणि स्टुलावर बसला. 'बस' म्हणायची वाट त्याने कधीच पाहिली नाही.

माझी खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. एक खिडकी, एक टेबल, भिंतीला लाकडी खण. खणांत सुटे भाग. टेबलाच्या उजव्या बाजूला कथलाचे डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, डाव्या बाजूला कथलाच्या तारेचं रीळ. या दोन वस्तूंची जागा कधी बदललेली नाही. सकाळचा चहा झाला की मी येऊन बसतो, जेवायची हाक आली की उठतो.

आधी रेडिओ दुरुस्त करायचो. रेडिओ गेले, तेव्हा गिटारवाल्यांसाठी पेडलं बनवू लागलो. पेडल म्हणजे पायाने दाबायची धातूची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरला लागते. मधे आवाजाचं काय करायचं ते डबी ठरवते. कुणाला आवाज फाटलेला हवा असतो, कुणाला विहिरीतून आल्यासारखा. जो जसा मागेल तसा मी देतो. शाळा फारशी झाली नाही. हे कानाचं काम आहे, आणि कान शाळेत मिळत नाही.

लांब्या हे त्याचं खरं नाव नव्हे, उंचीमुळे पडलेलं आहे. वादक सगळे त्याला तेच म्हणतात. मला ते मिस्त्री म्हणतात.

"मिस्त्री, एक काम आहे," तो म्हणाला.

"कामाशिवाय कधी आलास?"

"चहा प्यायला येत होतो. तुम्ही कधी पाजलाच नाही."

मग त्याने डावा हात टेबलावर ठेवला. अनामिका आणि करंगळी सरळ, काठीसारखी. त्यांच्यावरची कातडी गुळगुळीत आणि चकचकीत. गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

"आधी थोडी तरी वळायची. या थंडीत तेही गेलं. इतकी वर्षं उरलेल्यांवर भागवलं."

"मग आता?"

"आता पडद्यामागे दुसरा वादक बसवतात. मी पुढे उभा राहतो, वरचे सूर तो वाजवतो. टाळ्या मला. बाहुली झालीय माझी." त्याने हात मागे घेतला. "महिनाअखेर मोठा कार्यक्रम आहे. सांगून आलोय, एकटा वाजवीन. नाही जमलं तर गिटार विकीन आणि घरी बसेन."

"बाजारात यंत्रं मिळतात. तू एक सूर दे, वरचे दोन ती काढतात."

"आणलं होतं. बरोबर वाजवतं हो. एकदासुद्धा चुकत नाही. माणूस असं वाजवतो का?"

"तुला काय हवंय?"

"माझी दोन बोटं," तो म्हणाला आणि हसला.

मी हसलो नाही. "बनवतो," म्हणालो.

२

किंमत त्याने विचारली नाही आणि मी सांगितली नाही. कारण दोघांना माहीत होतं.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा कार्यक्रमांच्या आवाजाचं काम शिकत होता. एका सभागृहात दुपारी तालीम चालू होती. पोराने माइकचा दांडा धरला आणि त्याला तो सोडता येईना. कुठेतरी वायर उघडी पडून दांड्यात वीज उतरली होती. बाकीचे ओरडत उभे राहिले. लांब्याने हातातली गिटार टाकली आणि दांड्याला हात घातला. डावा हात जवळ होता, डावा घातला. पोरगं सुटलं. लांब्याची बोटं दांड्याला चिकटून राहिली, कुणीतरी मुख्य बटण बंद करेपर्यंत.

मुलगा लगेच घरी आला. आज त्याच्या कानशिलावरचे केस पिकलेत. लांब्याची दोन बोटं तिथेच राहिली.

दवाखान्यात मी त्याला म्हणालो होतो, "हे देणं माझ्यावर राहिलं."

"कसलं देणं, मिस्त्री? पोरगं समोर होतं, ओढलं."

"तू विसर. मी विसरणार नाही."

मी कुणाचं काही ठेवून घेतलेलं नाही. उसनी वाटीसुद्धा भरून परत जाते, हे बायकोला विचारा. हे एक तेवढं राहिलं होतं. ते डोक्यावर घेऊन मला जायचं नव्हतं.

३

मुलाकडे अपघाताआधीच्या एका तालमीची कॅसेट होती. ती मी ऐकली. पुन्हा पुन्हा ऐकली. लांब्याच्या त्या दोन बोटांचे सूर किंचित उशिरा यायचे. हाक मारल्यावर हातातलं काम संपवून मग उठणाऱ्या माणसासारखे. तो उशीर पकडायचा होता.

माझी एक पद्धत आहे. दुसरे करत नाहीत, करू नये असंही म्हणतात. आवाज कुठे अडतोय ते मी बोटांनी शोधतो. डबी छोट्या बॅटरीवर चालते, तिच्यात माणसाला काही करण्याइतका दम नसतो. बोटं जिभेला लावून ओली करायची आणि सुटे भाग जोडलेल्या उघड्या पट्टीवरच्या कथलाच्या दोन डागांवर टेकवायची. माणसाच्या अंगातूनही थोडा प्रवाह जातो. जिथे टेकल्यावर आवाज सुधारेल, तिथे काहीतरी कमी आहे हे कळतं. मग बोटांच्या जागी तेवढ्याच ताकदीचा सुटा भाग बसवायचा आणि बोटं काढून घ्यायची. उजव्या हातात आयर्न असतं. डाव्याचा अंगठा आणि शेजारची बोटं कथलाची तार धरतात. मोकळी राहतात ती अनामिका आणि करंगळी. नेहमी तीच टेकवतो.

सगळ्यात शेवटी काळा लेप. दोन बाटल्यांतलं मिसळून पट्टीवर ओतायचं. थोड्या वेळात त्याचा दगड होतो. मग ती डबी कुणाला उघडता येत नाही, मलाही नाही. लोकांना वाटतं, नक्कल होऊ नये म्हणून मी ते करतो. तेही आहेच. पण लेपाशिवाय स्टेजच्या हादऱ्याने भाग हलतात आणि आवाज आज एक, उद्या एक होतो. लेप न दिलेली डबी माझ्या दारातून बाहेर गेलेली नाही.

पट्टी तयार झाली. खोलीतली जुनी गिटार टेबलावर आडवी ठेवली. उजव्या अंगठ्याने जाड तार छेडली. वरचे दोन सूर आले, पण बाजारातल्यासारखे. बरोबर, आणि मेलेले. बोटं ओली केली, पट्टीवर फिरवत गेलो. एका जागी टेकली आणि सूर बदलले. किंचित मागे राहून आले. कॅसेटमधल्यासारखे.

अंगावर काटा वगैरे माझ्या येत नाही. जागेवर पेन्सिलीने खूण केली.

मग तिथे बोटांऐवजी एक भाग लावला. नाही जमलं. दुसरा लावला. खण रिकामे केले. नुसते सुटे भाग बसवले की सूर मरायचे. बोटं टेकवली की उठून बसायचे. असे बरेच दिवस गेले. थंडी मुक्काम सोडत नव्हती. बोटं गार पडायची, मी ती मांडीवर घासायचो आणि पुन्हा टेकवायचो.

४

बायको चहा घेऊन आली तेव्हा खिडकीतून ऊन आलेलं होतं. मी नुकतीच तार छेडली होती. तिने कप पुढे केला, मी घेतला.

"आज छान वाजतंय," ती म्हणाली.

"हं."

"रोज नुसतं कण्हल्यासारखं यायचं. आज गाणं वाटतंय. जमलं का?"

मी कपाकडे पाहिलं. कप माझ्या डाव्या हातात होता. उजवा हात तारेवर होता. पट्टीवर कुणाचाच हात नव्हता. सूर किंचित मागे राहून येत होते.

"तिकडे ठेव," मी कप तिच्याकडे परत देत म्हणालो.

ती गेल्यावर मी विचार केला. ओल. जिभेची ओल डागांवर राहिली असणार, तिच्यातून प्रवाह जात असणार. स्पिरिटने पट्टी पुसली. केस वाळवायचं यंत्र आणून वाळवली. तार छेडली. सूर तसेच.

असं होतं कधी. घासून घासून पट्टीवर नकळत वाट पडली असेल. कारण कळलं नाही म्हणून काम थांबत नाही. जमलं ते जमलं. गिटारची वायर काढून ठेवली आणि चहा प्यायला बसलो. चहा गार झाला होता. डबी चालूच होती. स्पीकरमधून नेहमीची खरखर येत होती, जशी यायला हवी.

मग त्या खरखरीत एक बारीक आवाज आला.

गिटारच्या जाड तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. बोट त्यांच्यावरून घसरलं की चिरकल्यासारखं वाजतं. उंदराच्या पिलासारखं. वादकाच्या कानाला ते ऐकूही येत नाही, इतकी सवय असते. मला ऐकू येतं. ते बोटाच्या कातडीचं आणि तारेचं असतं. डबीत ते तयार होत नाही, कुठल्याच डबीत होत नाही.

गिटार टेबलावर होती. तिची वायर खाली लोंबत होती.

पुन्हा आलं. कुणीतरी बोटं सरकवून नवी जागा धरली.

मी बॅटरी काढली. कप धुवायला घेऊन गेलो.

५

"अहो," बायको दारातून म्हणाली, "काहीतरी जळतंय."

"कथलाचा धूर आहे."

"कथलाच्या धुरात आयुष्य गेलं माझं. हा तो नव्हे."

मी डबीत लावायचं बटण पट्टीला जोडत होतो. डबी चालू होती. मान खाली करून पाहिलं. आयर्नचं टोक माझ्या डाव्या करंगळीवर टेकलेलं होतं. कधीपासून, माहीत नाही. कातडी पांढरी होऊन कडेला काळी पडत होती. मी आयर्न उचललं. कातडीचा तुकडा त्याच्याबरोबर आला.

तिने हात धरून नळाखाली नेला. कपडा बांधला. बांधताना माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नका."

"दुखत नाही म्हटलं ना. गारठ्याने बधिर झालंय."

तिने अनामिकेला चिमटा काढला. चांगला नखांनी काढला. मी ते पाहिलं, म्हणून मला कळलं.

६

मुलगा मला डॉक्टरकडे घेऊन गेला. निघताना मी नेहमीप्रमाणे बॅटरी काढून ठेवली. घराबाहेर पडताना काही चालू ठेवायचं नाही, ही जुनी सवय.

डॉक्टर तरुण होता. "आजोबा, काय काम करता?"

"मी तुमचा आजोबा नाही."

"बाबा," मुलगा म्हणाला.

डॉक्टर बिचारा हसला. त्याने मान वळवून पाहिली, कोपर ठोकलं. वय, थंडी, वाकून बसायची सवय, मानेत नस दबत असेल, असं म्हणाला. कारण चांगलं होतं. मला पटलं. मग त्याने सुई घेतली आणि अनामिकेच्या टोकाला टोचली.

मी हात मागे ओढला.

"दुखलं?"

"दुखलं."

त्याने कपडा सोडला आणि करंगळीच्या जखमेला औषध लावलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. "चांगलंच आहे की," तो म्हणाला. "जाणीव शाबूत आहे."

बाहेर येऊन मुलाने गाडीचं दार उघडलं. गाडीत बसताना म्हणाला, "काल तर भाजलं तरी कळलं नाही, म्हणालात."

"काल थंडी होती."

"आज काय उन्हाळा आहे?"

मी काच वर केली.

७

घरी येऊन शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि टेबलाशी बसलो.

बॅटरी लावली. सुई टोचली. रक्ताचा ठिपका आला. बाकी काही नाही. बॅटरी काढली आणि थांबलो. आधी मुंग्या आल्या, मग कळ आली, मग करंगळीची जखम ठणकू लागली. पुन्हा लावली. सगळं शांत झालं. जशी दुसऱ्या खोलीची बत्ती कुणी मालवावी.

योगायोग एकदा होतो, दोनदा होतो. मी करत राहिलो. दर वेळी कळ यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

मान वर केली तर बायको दारात उभी होती. कधीची, कोण जाणे.

"काय चाललंय?"

"तपासतोय."

"डबीला की स्वतःला?"

मी सुई पुसली. ती आत आली, स्टुलावर बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या स्टुलावर ती कधी बसली नव्हती.

"मोडून टाका ती," ती म्हणाली.

"आणि त्याला काय सांगू?"

"जमलं नाही म्हणून सांगा. एकदा तुमच्या तोंडून ऐकू तरी द्या."

"जमलंय."

"ते दिसतंय मला." तिने सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि पदराला टोचून ठेवली. "हात गेला तर काय कराल? दुसरं काय येतं तुम्हाला? साधी भाजी चिरता येत नाही."

"लांब्याला तरी दुसरं काय येत होतं?"

तिने माझ्या बोटावरचं रक्त पुसलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ती उठली.

"पोराला सांगू नका," ती म्हणाली. "तो आयुष्यभर ते घेऊन फिरेल."

"मी कुणाला काही सांगत असतो का?"

"तेही खरंच."

८

लांब्या ऐकायला आला. लेप द्यायच्या आधी मी ज्याची डबी त्याला एकदा वाजवायला देतो. नंतर तक्रार चालत नाही.

त्याने गिटार गळ्यात घातली, बूट काढून पायाच्या अंगठ्याने डबी दाबली आणि वाजवायला लागला. पहिल्या सुरालाच थांबला. डबीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं, आणि मग थांबला नाही.

त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तारांपासून लांब, हवेत ताठ होती. उरलेली दोन खालच्या सुरांवर चालत होती. वरचे सूर त्यांच्या मागून येत होते. मधे एकदा ते चुकले, आणि पुढच्या वळणावर सावरून घेतलं. पायरी चुकलेला माणूस कठडा धरतो तसं. यंत्र सावरून घेत नाही.

मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. त्याच्यावर बायकोने बांधलेला कपडा होता.

त्याने तार हाताने दाबून आवाज बंद केला.

"मिस्त्री, ही माझी बोटं नव्हेत."

"मग?"

"पण बोटंच आहेत." तो हळू बोलत होता. "माझी जरा घाईची होती. ही दमाने घेतात. म्हातारी आहेत." मग हसला. "कुठून आणलीत?"

"खणात होती."

"लेप कधी देताय?"

"उद्या."

"देऊ नका म्हणालो तर? असंच नेतो. काय सांगावं, लेपाने आवाज बिघडला तर?"

त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. लेप नसलेली डबी उघडता येते, पट्टी मोडता येते. गेलेलं कदाचित परत घेता येतं.

"अर्धवट काम मी देत नाही," मी म्हणालो. "बाहुली तुला व्हायचं नाही. मलाही खोटा कारागीर व्हायचं नाही."

"बरं बाबा." बूट घालताना त्याला कपडा दिसला. "हाताला काय झालं?"

"भाजलं."

"तुम्हाला? नवशिक्यासारखं?"

"हं."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि खिडकीशी जाऊन कपडा सोडला. उजेडात हात धरला. अनामिकेच्या आणि करंगळीच्या टोकांवर आडवे बारीक खळगे पडले होते. एकाशेजारी एक. कातडी आत दबलेली, कडा लाल. असे वळ मी वादकांच्या बोटांवर आयुष्यभर पाहिले आहेत. तारा दाबल्याने पडतात.

माझी बोटं दिवसभरात कुठल्या तारेला लागली नव्हती.

बघता बघता वळ भरून आले आणि गेले.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी काढून मी वाट पाहत बसलो. बायकोने चहा आणून ठेवला आणि गेली नाही. स्टुलावर बसली.

बऱ्याच वेळाने मुंग्या आल्या. मी ती दोन बोटं टेबलाच्या कडेवरून फिरवली. लाकूड आयर्नच्या डागांनी खडबडीत झालंय, ते लागलं. कपाला लावली, कप गरम होता. स्वेटरच्या बाहीला लावली. बायकोने तिचा हात पुढे केला. मी तिच्या मनगटावर ती टेकवली. तिची नाडी लागत होती. एरवी असलं काही आम्ही करत नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

मी दोन्ही बाटल्यांतलं मिसळलं. लाकडी काडीने ढवळलं, बुडबुडे जाऊ दिले. डबी सरळ ठेवली आणि ओतलं. काळा रस डागांवरून पसरत गेला. पेन्सिलीची खूण शेवटी बुडाली.

लेप घट्ट होताना तापतो. डबीला हात लावला तर चटका बसतो. मी हात लावला नव्हता. हात मांडीवर होता. तरी दोन बोटं तापायला लागली. आधी कोमट, मग उन्हात ठेवलेल्या पत्र्यासारखी. मी दात आवळले. बायकोने स्टूल जवळ ओढलं. मग हळूहळू निवली. मग गार झाली. मग गारही लागेनात.

दुपारी बॅटरी लावली, काढली. काढून संध्याकाळपर्यंत थांबलो. मुंग्या आल्या नाहीत. डबीच्या काळ्या पाठीवर नखाने वाजवून पाहिलं. दगड झाला होता. काम चोख होतं.

१०

कार्यक्रमाच्या दिवशी माझ्या शर्टाची बटणं बायकोने लावली. ती आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

मी मुलाच्या शेजारी बसलो, सभागृहाच्या मागच्या टोकाला, जिथे त्याचं आवाजाचं टेबल होतं. सभागृह भरलं होतं. पडदा मागेपर्यंत उघडा ठेवला होता. मागे कुणीही नव्हतं, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. मधे लांब्या एकटा, त्याच्या पायाशी माझी डबी.

"बाबा, टेन्शन नाही ना?" मुलगा म्हणाला.

"माझी डबी आहे. मला कसलं टेन्शन?"

दिवे उतरले. लांब्याने गिटार सावरली, मान खाली घातली. अजून त्याने तारेला हात लावला नव्हता.

माझ्या मांडीवर माझी अनामिका वाकली. मग करंगळी वाकली. दोन्ही एका जागी जाऊन थांबली, जशी काहीतरी धरून. मी वाकवली नव्हती. मला ती लागतही नव्हती, नुसती दिसत होती. कुणाची तरी वस्तू माझ्या मांडीवर ठेवलेली असावी तशी.

मग सूर आला.

त्या संध्याकाळी लांब्याने कसं वाजवलं ते लोक सांगतात. मी ऐकलं थोडंच. मी बोटांकडे बघत होतो. ती सरकत होती, दाबत होती, सोडत होती, मागे रेंगाळत होती. एका ठिकाणी चुकली आणि सावरली. तेव्हा सभागृहात कुणीतरी वा म्हणालं.

मुलाने पाहिलं. कानांवरचे हेडफोन त्याने खाली घेतले.

"बाबा. हात."

"दिसतंय मला."

"बाबा, हे काय—"

"तुझं काम बघ. खर्जाचा आवाज वाढलाय, ऐकू येत नाही का?"

त्याने टेबलावर हात ठेवला आणि आवाज कमी केला. पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या दोन्ही हातांची दहाही बोटं नीट चालत होती. मी ते पाहून घेतलं.

शेवटचा सूर संपला. लोक उभे राहिले. लांब्याने आमच्या दिशेने डावा हात वर केला, दोन ताठ बोटांचा. मला टाळी वाजवता येईना, म्हणून उजव्या हाताने गुडघ्यावर थापा मारल्या.

दिवे लागले. गर्दी ओसरल्यावर लांब्या डबी काखेत घेऊन खाली आला. गिटार पेटीत ठेवलेली होती. वायरी गुंडाळलेल्या होत्या. बॅटरी काढून त्याने खिशात टाकली होती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आता काय म्हणू?"

माझा डावा हात मी कोटाच्या खिशात घातला. खिशात दोन बोटं अजून वाजवत होती.

"काही म्हणू नकोस," मी म्हणालो. "फिटलं."